पसंतीला आलेला डबा

पितृपंधरवडा लागला की आमच्या गल्लीतले कावळे माजतात. वर्षभर ते कुठं असतात कोण जाणे, पण या दिवसांत गच्चीगच्चीवर पान ठेवलं जातं, कढी, वडे, गवारीची भाजी, आणि कावळे येऊन बसतात ते नेमके समोरच्या क्लासच्या फलकावर. फलकावर मागच्या वर्षी डॉक्टरकीला लागलेल्या पोरापोरींचे फोटो. एखाद्या हुशार पोराच्या डोक्यावर बसून कावळा मान वाकडी करून बघत असतो आणि शेजारचे काका गच्चीवर हात जोडून त्याला "या, या" करत असतात. बाहेरगावचं माणूस हे बघून हसेल. आम्ही हसत नाही. गणपती बुडवून आलो, झोपलो आणि जमीन हलली, त्या भूकंपाच्या साली आमच्या लातूर पट्ट्यातल्या घराघरांतून या पंधरवड्याची पानं वाढली. ती अजून वाढतात.

यंदा याच दिवसांत माझ्या घरी एक डबा आला. पसंतीला आला, असं म्हणायला हवं, कारण माझा दादा तोच शब्द बोलला. दादा नांदेडला असतो. त्याच्या ओळखीत एकाचं वाद्यांचं दुकान आहे. तिथून त्यानं माझ्या मुलीसाठी, शर्वरीसाठी, गिटारचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा स्पीकर, आणला. साखरेच्या डब्याएवढा काळा डबा, पुढं जाळी, वर धरायला पट्टा, आणि कपाळावर ओळीनं बटणं.

"पसंतीला आणलाय," दादा म्हणाला. "पटला तर ठेवा, न्हाई तर रविवारी मी परत घेऊन जातो. आन् तू घाबरू नको बाई, एवढुसा तर हाय. ह्याचा आवाज चौकापस्तोर बी जाईना."

आमच्याकडं आवाज निघणारी कुठलीही वस्तू अशीच पारखतात: किती लांब जातो? भोंगा असो, बँड असो की लग्नातला डीजे. त्यामुळं दादाच्या मनात हा डबा पहिल्याच परीक्षेत नापास झालेला होता, भाचीच्या हट्टापायी त्यानं आणला एवढंच. शर्वरीनं त्याला समजावलं, "मामा, हा सरावाचा ॲम्प आहे. हा बारीक वाजला पाहिजे आणि बारीक वाजूनही नीट ऐकू आला पाहिजे. हे बघ, इथं हेडफोन लावला की तुलासुद्धा ऐकू येणार नाही."

"मग कशाला घ्यायचा?" दादानं विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

शर्वरी बारावीला आहे. तिचे बाबा उदगीरला नोकरीला, शनिवारी येतात. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, दर रविवारी टेस्ट. पुण्याच्या मावसभावानं दिलेली जुनी इलेक्ट्रिक गिटार ती वर्षभर नुसतीच वाजवत होती. ॲम्पशिवाय ती गिटार कानाशी आलेल्या डासासारखी वाजते. तरी ही पोरगी जेवण झालं की ती घेऊन बसायची, डोळे मिटून, मान खाली घालून. दिवसभरात तेवढ्या वेळात तिच्या कपाळावरची आठी जायची. ते मला दिसत होतं, म्हणून मी डब्याला नाही म्हटलं नाही. फक्त अट घातली, की आधी मी तपासणार.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगते, तशी खोडच लागली आहे मला. तर तपासणी म्हणजे तपासणी. डबा उलटा करून मागून पाहिला, पायाच्या रबरी गुट्ट्या पाहिल्या, एकेक बटण फिरवून कुठं खरखरतं का ते ऐकलं. "स्वच्छ" आवाजाचं एक बटण, "फाटक्या" आवाजाचं एक, हे मला आवडलं. आपला आवाज कधी फाटू द्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मला एकदम हसू आलं. मलाही एकदा असंच पसंतीसाठी बसवलं होतं. चालून दाखव, बोलून दाखव, हात पुढे कर. डब्याचं बरं, त्याला खाली बघायला कुणी सांगत नव्हतं.

दादा नांदेडला परत गेल्यावर हॉलमध्ये लावला तर डबा नुसताच घुमायला लागला. तार न छेडताच घूंऽऽ असा आवाज. शर्वरीचा चेहरा पडला. पण मला माझ्या घराची वायर न् वायर माहीत. हॉलच्या प्लगला अर्थिंग नीट नाही, स्वयंपाकघरातल्या आहे. डबा उचलून ओट्यावर नेला, भांड्यांच्या मांडणीशेजारी. घुमणं गेलं. "बघ," मी म्हणाले, "डब्यात खोट नव्हती. जमिनीशी जोडलेला नव्हता, म्हणून रडत होता." असलं वाक्य सुचलं की मी स्वतःवर फार खूश होते. आणि त्याच खुशीत मी म्हणाले, "आता सगळ्यात जाड तार वाजव. खालच्या सुरांचं बटण पूर्ण उघड. बघू दे याच्या छातीत किती दम आहे."

म्हणजे सांगितलं मी. हे नीट लिहून ठेवते, कारण पुढं मी काय बोलले ते सांगायचं आहे.

शर्वरीनं तार छेडली. आधी ताटल्या कुजबुजल्या. मग डब्यांची झाकणं थरथरली. मग वरच्या फळीवरचा पेला सरकत सरकत कडेला आला आणि खाली पडला.

मला काही विचार आला असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. खालचे सूर, त्यांची कंपनं, त्यांनी दुसऱ्या वस्तू कशा थरथरतात, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी शर्वरीचं मनगट धरलं आणि जिन्याकडं धावले. "भायेर! भायेर पळा रे! भुई हलायली!" हा आवाज माझा होता. ही भाषाही माझीच होती. कॉलेजात शिकवायला लागल्यापासून मी ती घासून घासून काढली होती, असं मला वाटत होतं.

वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरींचं वसतिगृह आहे, त्यातल्या बऱ्याच माझ्याच कॉलेजातल्या. त्या सगळ्या धडधडत खाली आल्या. शेजारचे काका बनियनवर, वसतिगृहाच्या मालकीणबाई कणकेच्या हातानं. रस्त्यावर आल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. चाळिशीच्या पुढची सगळी माणसं भिंतींपासून, विजेच्या तारांपासून लांब, रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि इमारतींच्या माथ्याकडं बघत होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तरण्या पोरी मात्र भिंतीलाच टेकून एकमेकींना विचारत होत्या, "काय झालं? काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. फलकावर कावळा बसलेला होता, तोही उडाला नाही.

मग काकांचं लक्ष शर्वरीकडं गेलं. तिच्या गळ्यात गिटार होती आणि गिटारीतून निघालेली वायर शेपटीसारखी जिन्यापर्यंत लोळत होती. "मॅडम," काका म्हणाले, "ही तार कशाची?"

समजायला वेळ लागला नाही. आधी एक पोरगी फिसकन हसली, मग सगळ्या. मालकीणबाई कणकेचा हात कपाळाला लावून म्हणाल्या, "बाई गं! फिजिक्सच्या मॅडमच असं करायल्या तर आमच्यासारख्या अडाण्यांनी काय करावं?"

अनवाणी पायांनी, अर्धी वेणी सुटलेली अशी मी माझ्याच विद्यार्थिनींसमोर उभी होते. कानाच्या पाळ्या तापल्या. आणि मी म्हणाले, "हिला सांगितलं होतं बारीक वाजव म्हणून. ऐकेल तर शपथ. परतच पाठवते तो डबा."

शर्वरीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग दोरीवरचे कपडे काढल्यावर दोरी गुंडाळतात तशी तिनं ती वायर कोपरावरून तळव्यावर, कोपरावरून तळव्यावर गुंडाळली, आणि ती जिना चढून गेली. वर जाऊन पाहिलं तर तिनं डबा त्याच्या खोक्यात भरून, वर चिकटपट्टी लावून दाराशी ठेवला होता. "मामाला फोन कर," एवढंच म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली. तिनं भांडावं असं मला फार वाटलं. ती भांडली नाही.

दरवर्षी या दिवसांत आमच्या कॉलेजात मला बोलायला लावतात. भूकंपाच्या आठवणी. मी बरं बोलते. मातीच्या आणि दगडाच्या भिंती, त्यांची रुंदी, त्या कशा आतल्या बाजूला कोसळल्या. वरून पाऊस. पत्र्यांच्या शेडमधली पहिली दिवाळी. पोरींच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही येतं, ते खोटं नसतं. पण मी एक गोष्ट गाळते, आणि ती गाळलेली आहे हे इतक्या वर्षांत कुणाला कळलेलं नाही.

तो ऋतू माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता.

आम्ही तेव्हा लातुरात डाळमिलच्या मागं एका खोलीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये कामाला. आमची खोली पडली नाही, नुसती भिंतीला चीर गेली. पण खोलीत झोपायला कुणी तयार नव्हतं. सगळी गल्ली मिलच्या पटांगणात आली. रिकाम्या पोत्यांचं बारदान उसवून, एकमेकांना शिवून तंबू केले. पाऊस पडला की त्या बारदानाला ओल्या तुरीचा वास यायचा. अजूनही डाळ धुताना तो वास येतो आणि माझे हात मंदावतात. प्रत्येक तंबूत ताटावर तांब्या उपडा घालून त्यावर पेला ठेवायचे. जमीन हलली तर पेला पडेल, ताटाचा आवाज होईल, जाग येईल. मांजर गेलं तरी पेला पडायचा आणि अख्खं पटांगण उठून उभं राहायचं. मग कुणीतरी मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं आणि सगळे हसायचे. हो, हसायचे. माणसं मेली होती आणि माणसं हसत होती.

आम्ही पोरी ओळीनं झोपायचो. छप्पर असं नव्हतंच. भिंत नव्हती, उंबरा नव्हता, "आत जा" असं म्हणायला कुणाला आतच उरलेलं नव्हतं. केस धुवून उन्हात मोकळे सोडून बसलं तरी कुणी हटकत नसे. कॉलेज बंद, परीक्षा पुढं गेलेली. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या पोत्याच्या उशीखाली पुस्तक होतं. त्याच्याकडं मी मोकळ्या मनानं बघू शकत होते, कारण माझं लग्न मोडलं होतं.

तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न होणार होतं. मुलगा त्या पट्ट्यातल्याच एका गावचा. बघायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला होता. इतर सगळे स्वयंपाकाचं विचारत होते. यानं विचारलं, "अजून शिकायचं राहिलंय का?" मायनं मला आधीच बजावून ठेवलं होतं, त्याप्रमाणे मी नाही म्हटलं. पसंती झाली. मी त्या साली पुस्तकं मैत्रिणीला देऊन टाकायच्या बेतात होते.

जमीन हलली त्यानंतर माय तिकडं भेटायला जाऊन आली. आली ती पदराचा बोळा तोंडात धरूनच. माझ्याजवळ बसून म्हणाली, "आपलं ठरलेलं मोडलं, असं समज बाई. त्या घराला आता लगीन न्हाई." पुढं काही बोलली नाही. मी रडले. खूप रडले. पटांगणातल्या बायांनी मला जवळ घेतलं, कुणी भाकरी आणून दिली, कुणी डोकं दाबून दिलं. "बघा, एकदाच बघितला पोराला, पर कसा जीव लावला व्हता लेकरानं," असं एक म्हातारी म्हणाली. त्या सगळ्यांनी माझ्या रडण्याचा जो अर्थ लावला तो मी लावू दिला. खरं असं, की सुटल्यावरही माणूस रडतं. छाती इतकी हलकी झाली होती, की रडल्याशिवाय ती जागेवर राहिली नसती.

माझ्या समोर त्यानंतर त्या मुलाचं नाव कुणी काढलं नाही. मला दुःख होईल म्हणून. त्यांच्या त्या मायेच्या आडोशाला बसून मी दुसरं वर्ष केलं, तिसरं केलं, पदवी घेतली. अण्णांनी मिलमध्ये पेढे वाटले. घराण्यातली पहिली पदवीधर! ते मी सांगत सुटते, आणि दर वेळी सांगताना मनाच्या तळाशी कुणीतरी विचारतं, "कुणाच्या घरावर उभी राहून?"

हे सगळं त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून मी आठवत होते, आणि खोक्यात बंद केलेला डबा दाराशी होता. माझ्या आयुष्यात एकदा जमीन हलली आणि मला जे मिळालं ते मी ठेवून घेतलं. पोरीच्या हातून चार ताटल्या हलल्या, आणि तिला जे मिळायचं होतं ते मी चारचौघांत काढून घेतलं. वर तिच्याच माथी मारलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी शर्वरीला म्हणाले, "चल वर." ती आली, पण माझ्यामागं दोन पायऱ्या ठेवून. वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत पोरी पलंगापलंगावर पुस्तकं पसरून बसलेल्या. सगळीकडं दोरीवर ओले रुमाल, भिंतीवर वेळापत्रकं. मला बघून उठल्या. दोघीतिघींच्या तोंडावर कालचं हसू अजून होतं.

"बसा गं," मी म्हणाले. "काल तार वाजव म्हणून मीच सांगितलं होतं. हिची चूक नव्हती. घाबरले मी, आणि नाव हिचं घेतलं."

एवढंच बोलायचं ठरवून गेले होते. मला वाटलं, हसतील आणि संपेल. पण किनवटकडची एक बारकी पोरगी, जंगलातल्या आश्रमशाळेतून इथं आलेली, पलंगाच्या कडेला बसून नखं खात होती, ती म्हणाली, "मॅडम, एक सांगू? रागवणार नाही ना?"

"सांग."

"तुम्ही ओरडल्या ना काल, तवा मी भ्याले नाही. मला आधी बरं वाटून राहिलं होतं. म्हटलं, आता रविवारची टेस्ट गेली."

खोलीत खसखस पिकली. दुसरी म्हणाली, "मला तर वाटलं, क्लासच पडावा. रिकामा असताना पडावा, पण पडावा." मग हळूहळू हसू थांबलं. कुणी कुणाकडं बघेना. किनवटची पोरगी रडवेली झाली. "लई वंगाळ हाये ना मॅडम, असं वाटणं? त्या भूकंपात माणसं मेली होती न् मी असं..."

आता शिक्षिका म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. परीक्षेला सामोरं जाण्याबद्दल, मेहनतीबद्दल. अशी वाक्यं माझ्या तोंडात तयार असतात. त्यातलं एकही वर आलं नाही.

"मलाबी वाटलं होतं," मी म्हणाले. "तुझ्याएवढीच होते. आन् मला नुसतं वाटलं न्हाई, माझं खरंच झालं."

आणि मग मी त्या पोरींना पटांगणाचं सगळं सांगितलं. बारदान, मोकळे केस, मोडलेलं लग्न, खोटं समजलेलं रडणं. दरवर्षी सांगते तसं चांगलं जमलं नाही. मध्येच थांबत होते, शब्द सापडत नव्हते. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पोरी नुसत्या माझ्याकडं बघत होत्या, जरा घाबरून, कारण मोठ्या माणसानं असं काही सांगितलं की त्याचं काय करायचं हे लहानांना कळत नाही.

जिना उतरताना शर्वरी आता माझ्या बरोबरीनं चालत होती. दारापाशी आल्यावर तिनं विचारलं, "आई, मग त्या मुलाचं काय झालं? तो होता का... म्हणजे वाचला का?"

मी कुलपात किल्ली घातली. ती फिरवता येईना.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

"कधीच?"

"कधीच."

तिनं माझ्या हातातली किल्ली घेऊन दार उघडलं. काल तिनं माझ्याकडं पाहिलं होतं तसं पुन्हा पाहील, अशी मला भीती वाटत होती. पण ती खाली बसली आणि खोक्याची चिकटपट्टी नखानं उचकटायला लागली. मला न विचारता. मीही अडवलं नाही.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. अण्णाही गेले. तिकडं भेटायला मायबरोबर दादा गेला होता, म्हणजे माहीत असेल तर दादालाच. मी फोन लावला.

"हां बाई, बोल. डबा न्यायला येऊ का रविवारी? काल शर्वरीचा मेसेज आला व्हता, नको म्हणून."

"राहू दे दादा. पसंत हाय." मागं शर्वरीनं डबा जोडला होता. तार सुरात लावत होती, एकच सूर खाली, वर, पुन्हा खाली.

"बरं झालं. मग कशाला फोन केलतीस?"

"दादा, माझं ठरलं व्हतं बघ, त्या साली. त्या घरी तू मायसंगं गेलतास ना. तो पोरगा... त्याचं काय झालं व्हतं?"

पलीकडं नांदेडच्या रस्त्यावरचा एक हॉर्न वाजला. दादानं बहुतेक कुठंतरी गाडी बाजूला घेतली असावी.

"इतक्या सालांनी कसं काय इचारायलीस बाई?"

"आजवर इचारलं न्हाई म्हणून."

मग त्याचा आवाज लहानपणी मला शाळेतून आणताना असायचा तसा झाला. "पोरीला सांग, जरा बारीक कर म्हणावं," तो म्हणाला. "मग सांगतो."

मी शर्वरीला खूण केली. तिनं बटण फिरवलं, आणि मी फोन कानाशी घट्ट धरला.